हात क्रमांक दोन

अभिनंदनाचं पत्र आलं तेव्हा सुहास मांगले स्टुडिओच्या पायरीवर बसून कुलपाला तेल घालत होता. गडहिंग्लजच्या बाजारपेठेत हा स्टुडिओ चौतीस वर्षं उभा होता, पण आता तो उघडायचा कशासाठी हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. ओळखपत्राचे फोटो सरकारी खिडकीवरचं यंत्रच घ्यायचं. लग्नात बोटभर आकाराच्या उडत्या भिंगांचा थवा सोडला की संध्याकाळपर्यंत सिनेमा तयार. तरी सुहास रोज दहाला शटर वर करायचा आणि एकला खाली ओढायचा. सवय दुसरं काय करणार?

एवढ्यात एकच गोष्ट बरी चालली होती, ती म्हणजे छायापेठ.

मागे यंत्रांनी बनवलेल्या चित्रांचा असा काही पूर आला की माणसांना चित्रांचा वीट आला. दिसायला सगळं सुंदर, पण खरं काय हे कुणालाच कळेना. मग उलटा वारा सुटला. माणसाच्या हातानं, खऱ्या माणसांसमोर उभं राहून काढलेले जुने फोटो लोक शोधू लागले. छायापेठ ही त्यांची ऑनलाइन बाजारपेठ. छायाचित्रकारानं आपल्या मूळ फाइली तिथं ठेवायच्या; पाठ्यपुस्तकवाले, सिनेमावाले, प्रदर्शनं भरवणारे, ज्याला जो हवा तो घेणार आणि खाली काढणाऱ्याचं नाव छापणार. सुहासनं पहिल्या सोळा वर्षांची लग्नं तिथं चढवली होती आणि प्रत्येक फोटोखाली लिहिलं होतं, छाया : सुहास मांगले.

पत्र पणजीहून होतं. 'लग्नघराच्या आत' नावाच्या प्रदर्शनासाठी त्याचे चाळीस फोटो निवडले गेले होते. त्यानं ते दोनदा वाचलं, मग शेजारच्या औषधदुकानदाराला वाचून दाखवलं, आणि त्या दिवशी शटर दोनपर्यंत उघडं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुसरं पत्र आलं. पडताळणीत असं आढळलं आहे की निवडलेले चाळीसही फोटो हात क्रमांक दोननं काढलेले आहेत. आपला नोंदलेला हात क्रमांक एक आहे. हात दोनच्या व्यक्तीनं नव्वद दिवसांत स्वतःची ओळख सिद्ध करावी. अन्यथा त्या हाताचे सर्व फोटो 'अज्ञात हात' या नावानं कायमचे नोंदवले जातील.

सुहासनं पत्र मिटलं. हात दोन कुणाचा, हे त्याला यंत्रानं सांगायची गरज नव्हती.

त्याचं असं आहे. आपल्याकडच्या लग्नात एक खोली अशी असते की तिथं पुरुषानं पाऊल टाकायचं नाही. नवरीला बांगड्या भरतात, न्हाऊ घालतात, नेसवतात, आणि आई दाराआड डोळे पुसून पुन्हा हसत बाहेर येते. ते सगळं त्या खोलीत. लोकांना त्याचे फोटो मात्र हवे असतात. सुहास उंबऱ्यापर्यंत जायचा आणि कॅमेरा आत द्यायचा. आतून तो घ्यायची शैलजा, त्याची बायको. तास-दीड तासानं त्याच उंबऱ्यावरून कॅमेरा परत यायचा. कार्ड तेच, फाइली त्याच, नावही तेच. कुठला फोटो कुणाचा, हे कुणी कधी विचारलं नाही. मांगले फोटोवाले म्हणजे सुहास, एवढं गावाला पुरेसं होतं. खरं सांगायचं तर सुहासलाही होतं.

आता यंत्राला हे कसं कळलं? माणसाचा हात कधीच स्थिर नसतो. आपण श्वास रोखला तरी तो सेकंदाला आठ-दहा वेळा अगदी बारीक थरथरतो. दंडाचं वजन, मज्जातंतूंची लय, छातीतला ठोका, सगळं त्यात मिसळलेलं असतं, आणि हे मिश्रण दोन माणसांचं सारखं नसतं. चांगल्या कॅमेऱ्यात ही थरथर मारण्याची सोय असते. आतला एक संवेदक सेकंदाला हजार वेळा ती मोजतो आणि प्रकाश टिपणारी पट्टी तेवढीच उलट दिशेला सरकवतो. फोटो स्पष्ट येतो. पण मोजलेले आकडे मूळ फाइलीच्या तळाशी तसेच पडून राहतात. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की ही तर काढणाऱ्याची सही आहे, आणि ती त्याला स्वतःलाही खोटी करता येत नाही. छायापेठेनं ह्यालाच हातओळख म्हटलं.

सुहास दोन दिवस घरात कुणाशी बोलला नाही. घरात होतंच कोण म्हणा, शैलजा आणि तो. पहिल्या दिवशी त्याला राग आला तो यंत्राचा. दुसऱ्या दिवशी त्यानं ते चाळीस फोटो एकेक करून उघडले. बांगडी चढताना आवळलेली मूठ. कोपऱ्यात एकटीच जेवत बसलेली करवली. आरशात स्वतःला न ओळखणारी नवरी. हे आपण काढलेले नाहीत हे त्याला प्रत्येक वेळी कळत होतं, आणि बहुधा आधीही कळत असावं, हे त्याला आता जाणवलं. त्याचे फोटो वाईट नव्हते. सगळे सरळ उभे राहून समोर बघत असत, इतकंच.

तिसऱ्या दिवशी जेवताना त्यानं सांगितलं.

"चाळीसातला एक पण तुमचा नाही?" शैलजानं विचारलं.

"एक पण नाही."

ती हसली. मग तिनं पाण्याचा तांब्या उचलला, आणि तो तिच्या हातात असा हलायला लागला की पाणी ताटात सांडलं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता. ती तांब्या खाली ठेवून उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसली. बाहेर कुठं गेली तरी अशीच बसायची.

"असू दे की ओ," ती म्हणाली. "अज्ञात तर अज्ञात. आता नाव घेऊन काय करायचंय?"

ते ऐकून सुहासला स्वतःची लाज वाटली. दोन दिवस आपण रुसून बसलो ते कशासाठी, हे त्याला आठवेना. चाळीस फोटो भिंतीवर लागणार आणि त्यांच्याखाली अज्ञात लिहिलेलं असणार, हे मात्र त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

"उद्या बेळगावला जायचं," तो म्हणाला.

छायापेठेचं पडताळणी केंद्र बेळगावात होतं. तिथं बडिगेर नावाच्या बाई होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं. त्यांनी शैलजाच्या हातात एक कॅमेरा दिला आणि समोरच्या भिंतीवरच्या ठिपक्यावर दोन मिनिटं धरायला सांगितला. पडद्यावर एक रेघ उमटू लागली. तिच्या वर हात दोनची जुनी रेघ होती, बारीक आणि एकसारख्या घडीची. नवी रेघ भलत्याच उंचीनं वर-खाली होत होती. दोन्हीत काही नातं आहे असं कुणीही म्हटलं नसतं.

"जुळत नाही," बडिगेरबाई म्हणाल्या.

"तिला आजार आहे ओ," सुहास म्हणाला. "आधी असं नव्हतं. डॉक्टरांचे कागद देतो."

"कागदानं आजार कळतो मांगले. आधीचा हात कसा होता ते नाही कळत."

"गडहिंग्लजमधल्या शंभर बायका सांगतील, आत फोटो कोण काढायचं ते."

"सांगतील की. पण सांगितलेलं चालत असतं तर हे यंत्र आलंच नसतं." त्यांनी चष्मा खाली घेतला. बाई कठोर नव्हत्या, दिवसभर लोकांना नाही म्हणून कंटाळलेल्या होत्या. "एक वाट आहे. साक्षी फ्रेम आणा. म्हणजे असा फोटो, की ज्यात कॅमेऱ्याचा मालक स्वतः समोर उभा आहे. तुमच्या कॅमेऱ्यांवर सोळा वर्षांत दोनच हात आहेत. एक हात समोर उभा असेल तर खटका दाबणारा दुसरा कोण, हे आपोआप ठरतं. मूळ फाइल पाहिजे बरं. मोबाइलवरचे घरचे फोटो नकोत, त्यांत हाताची नोंद राहत नाही."

बाहेर येताना सुहासला हायसं वाटलं. असे फोटो तर शेकड्यांनी काढले होते. प्रत्येक लग्नात, माणसं जमायच्या आधी, तो स्टेजवर नवरा उभा राहायचा त्या जागी जाऊन उभा राहायचा आणि शैलजा समोरून एक फोटो काढायची. लाइट बघायला. कपाळावर चकाकी येते का, मागच्या पडद्यावर सावली पडते का, ते बघून दिवे हलवायचे. सोळा वर्षं, प्रत्येक लग्नात.

बस संकेश्वरच्या फाट्याला आली तेव्हा त्याला पुढचं आठवलं. ते फोटो तो त्याच रात्री खोडून टाकायचा. डिस्कवर जागा अडते आणि गिऱ्हाइकाच्या फोटोंत आपलं तोंड जाता कामा नये, म्हणून. ज्यात आपण दिसतो तो कचरा, हा धंद्यातला साधा नियम त्यानं कधी मोडला नव्हता, आणि कार्ड भरलं की ते कोरं करून पुन्हा वापरायचं, हाही नाही.

तरी आठवडाभर त्यानं सगळ्या जुन्या डिस्का पालथ्या घातल्या. नवरे होते, नवऱ्या होत्या, व्याही होते, तीन आमदार होते. सुहास मांगले कुठंच नव्हता. आपण इतके नीटनेटके आहोत याचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा संताप आला.

"एक कार्ड आहे की," शैलजा म्हणाली. ती दारात उभी होती. "ज्यातलं तुम्हाला काही खोडता आलं नाही."

सुहासनं मान वर केली नाही. कुठलं ते त्याला कळलं होतं.

अठरा वर्षांपूर्वी हत्तरकींच्या अश्विनीचं लग्न होतं. शैलजानं आतले फोटो काढले, कॅमेरा बाहेर आला, आणि थोड्या वेळानं कार्ड वाचलंच जाईना. त्यावरचं सकाळपासूनचं सगळं गेलं. कार्डावर फोटो उतरत असताना कॅमेऱ्याचा तांबडा दिवा लुकलुकतो. तेव्हा कार्ड ओढलं तर असं होतं. सुहासनं भर मांडवात, हत्तरकींच्या सगळ्या बायकांसमोर, शैलजाला विचारलं की दिवा दिसत नव्हता का तुला, आंधळी आहेस का. ती म्हणाली, मी नाही काढलं. मग म्हणाली, काढलं असेल तर आठवत नाही. मग काही म्हणाली नाही.

त्या दिवसानंतर त्यानं उंबऱ्यावरून कॅमेरा आत दिला नाही. मांगल्यांच्या लग्नांतली ती खोली तिथून पुढं बंदच झाली. ते कार्ड त्यानं फिल्मच्या रिकाम्या काळ्या डबीत घालून टेबलाच्या खणात ठेवलं, आणि दुरुस्तीसाठी ठेवलं नव्हतं. एकदा भाचीच्या लग्नात शैलजानं कॅमेरा मागितला तेव्हा त्यानं खण उघडून ती डबी टेबलावर ठेवली होती. तिनं पुन्हा कधी मागितला नाही.

त्यानं आता खण उघडला. डबी तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी बेळगावात बडिगेरबाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "आमच्या वेळी हे मेलं म्हणून फेकून द्यायचे," त्या म्हणाल्या. "मेलेलं नसतं. नुसती अनुक्रमणिका फाटते, पानं आत तशीच असतात. आता एकेक कण थेट वाचता येतो. बसा तासभर."

शैलजा बाहेरच्या बाकावर बसली. सुहास आत थांबला.

पहिली फ्रेम उघडली आणि तो स्वतःलाच समोर दिसला. सेहेचाळीस वर्षांचा, काळे केस, गळ्यात बॅगेचा पट्टा, रिकाम्या स्टेजवर नवऱ्याच्या जागी उभा. तो दिव्याकडे बघत नव्हता. कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघत होता आणि काहीतरी बोलता बोलता हसत होता. आपण तिच्याकडे असं बघायचो, हे त्याला ठाऊक नव्हतं. कसं असणार? असले सगळे फोटो त्यानंच खोडले होते.

"हात दोन," बडिगेरबाई म्हणाल्या. "झालं तुमचं काम."

फ्रेमा पुढं सरकत गेल्या. बांगड्या, हळद, ओले केस. अश्विनीच्या कपाळाला बाशिंग बांधणारी तिची आई, दातांत दोरा धरलेली. प्रत्येकीखाली तेच, हात दोन, हात दोन, हात दोन. मग शेवटची आली. वरचा एक तुकडा दिसत होता: मांडवाचं तोरण, एक फेटा, अर्धा चेहरा. खाली सगळं करडं.

"ही लिहिताना तुटली," बाई म्हणाल्या. "कार्ड इथं ओढलंय." त्यांनी खालची ओळ वाचली. "हात एक."

सुहास त्या फेट्याकडे बघत राहिला. तो नवऱ्याच्या वडिलांचा फेटा होता. मांडवाच्या दारात त्यांचा एक फोटो काढला होता, घाईत. मग नवं कार्ड घालायला... त्याला आपला अंगठा त्या झाकणावर दिसला. अठरा वर्षं त्याला आठवत होतं ते असं, की कॅमेरा बाहेर आला तेव्हाच कार्ड गेलेलं होतं. हे आठवणं खोटं होतं आणि ते त्यानं मुद्दाम रचलेलंही नव्हतं. ते आपोआप सोयीचं होत गेलं होतं.

"ही शेवटची बाजूला काढली तर?" त्यानं विचारलं.

"नाही चालत. कार्ड अखंड पाठवायला लागतं. एक फ्रेम काढली तर बाकीच्यांवरचा विश्वास गेला. आणि पाठवलं की ते छायापेठेवर सगळ्यांना दिसतं, कुठल्या फ्रेमला कुठला हात ते." बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "पाठवू का नको ते तुम्ही सांगायचं. कार्ड तुमचं आहे."

सुहास बाहेर गेला. शैलजा मांडीवर पिशवी घेऊन बसली होती, उजवा हात डाव्या हाताखाली. तो शेजारी बसला.

"मिळाली फ्रेम," तो म्हणाला.

"बरं झालं."

"शेवटची फ्रेम माझी आहे. कार्ड मी ओढलं होतं."

शैलजा समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. तिचा हात पिशवीवर आला आणि थरथरत राहिला, पण या वेळी तिनं तो लपवला नाही.

"मला वाटायचं, मीच ओढलं असणार," ती म्हणाली. "किती वर्षं मी डोळे मिटून बघत होते, दिवा होता का नव्हता, होता का नव्हता. मला दिसायला पण लागला होता तो."

माफ कर म्हणावं तर ते फार छोटं होतं.

"सगळ्यांसमोर बोलला होता तुम्ही मला."

"होय."

"मग हे बाकावर बसून मला एकटीला सांगून भागायचं नाही."

"पाठवतो सगळं. सगळ्यांना दिसेल."

"छायापेठेवर गडहिंग्लजच्या बायका बघत बसल्यात होय? अश्विनीला फोन लावा. तिचं लग्न होतं ते."

त्यानं आत जाऊन बडिगेरबाईंना पाठवा म्हणून सांगितलं आणि अश्विनीचा नंबर शोधायला लागला. तो सापडायला चार फोन करावे लागले. ती आता हुबळीला असायची. पडद्यावर तिचा चेहरा आला, चाळिशी ओलांडलेला. सुहासनं नाव सांगितल्यावर तिनं एवढंच म्हटलं, "हां, बोला." त्या दोन शब्दांत अठरा वर्षांपूर्वीचं सगळं होतं.

सुहास बोलला. आडवळणं न घेता बोलला: फोटो मिळालेत, आजच पाठवतो, आणि त्या दिवशी कार्ड शैलजानं नाही, मी खराब केलं होतं. तुमच्या घरच्या सगळ्यांना हे सांगा.

मग अश्विनीनं विचारलं, "आई आहे का त्यात?"

"तुला बाशिंग बांधताना आहे," शैलजा बाजूनं म्हणाली. "दातांत दोरा धरून."

अश्विनीनं मान हलवली आणि पडदा काळा झाला. थोड्या वेळानं तिचा निरोप आला: 'आई गेली गेल्या वर्षी. मावशी, घरी येऊन जा.' निरोप शैलजाला होता.

छायापेठेचं उत्तर आठ दिवसांत आलं. हात दोनचं नाव भरा. सुहासनं स्टुडिओतल्या पडद्यावर 'शैलजा सुहास' एवढं लिहिलं.

"मधलं नको," ती म्हणाली.

त्यानं मधलं काढलं. शैलजा मांगले. पडद्यावरचे हजारो फोटो एकेक करून नाव बदलू लागले. त्याचे त्याच्याकडे राहिले, पण लोकांनी निवडलेले त्यांत खूपच कमी होते. त्याला वाईट वाटलं. वाटणार नाही असं त्यानं गृहीतच धरलं नव्हतं.

शैलजा कपाटाशी गेली आणि तिनं जुना कॅमेरा काढला. पट्टा गळ्यात अडकवायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. सुहास उठला, पण मदतीला गेला नाही.

"तिथं उभे राहा," ती म्हणाली.

"कशाला?"

"लाइट बघते."

तो पडद्यासमोर जाऊन उभा राहिला. कुठं बघावं ते त्याला सुचेना, म्हणून तो तिच्याकडे बघत राहिला. कॅमेरा तिच्या हातात हलत होता, तिचे कोपर बरगड्यांशी दाबलेले होते, आणि बराच वेळ काही झालं नाही. मग खटका वाजला.

तिनं कॅमेरा त्याच्या हातात दिला आणि ती खुर्चीत बसली. मागच्या छोट्या पडद्यावर फोटो होता. त्यात सुहास नव्हता, सुहासच्या आकाराचा एक डाग होता. छायापेठेच्या यंत्राला यातला हात ओळखता आला नसता. सवयीनं त्याचा अंगठा खोडायच्या बटणावर गेला.

त्यानं अंगठा उचलला. तांबडा दिवा लुकलुकत होता. तो विझेपर्यंत तो तसाच थांबला आणि मग त्यानं कॅमेरा बंद केला.